परदेशातल्या गोठ्यात पाऊल टाकण्याआधी: लसी, तारखा आणि कागद

व्हिसा आला की तिकीट, तिकिटानंतर बॅगा, बॅगांत कळण्याचं पीठ आणि लोणच्याची बरणी, आणि निघायला आठ दिवस उरले की आठवतं, अरे, लसी राहिल्याच! फिरायला जाणाऱ्याचं असं निभावूनही जातं. जनावरांत काम करायला जाणाऱ्याचं निभावत नाही. त्याच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची लस आपल्याकडच्या पद्धतीने तीन ते चार आठवडे मागते, काही रक्ततपासण्या त्याच्याही आधी कराव्या लागतात, आणि एक लस तर जळगाव-धुळ्याच्या मेडिकलवर मिळतच नाही.

सुरुवात डॉक्टरांपासून करू नका, जिथे जाणार त्या फार्मला किंवा संस्थेला ईमेल करून करा. चार प्रश्न विचारा. कोणती जनावरं हाताळायची? त्यांच्या लाळेशी, रक्ताशी, वारेशी संबंध येणार का? वटवाघळं, माकडं, भटकी कुत्री यांपैकी काही आहे का? आणि लसीचा दाखला पुरेसा आहे की रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्टही हवा? याचं उत्तर छापून डॉक्टरांपुढे ठेवा. ‘मला केनियाला जायचंय’ एवढंच सांगितलं तर पर्यटकाची यादी हातात पडते: टायफॉइड, यलो फीवर, झालं. न्यूझीलंडच्या डेअरीवर दूध काढणारा, आखातात उंटांच्या तबेल्यावर असणारा, युगांडात चिंपांझींच्या आश्रयस्थानात राबणारी पशुवैद्यक आणि थायलंडच्या हत्ती छावणीतली स्वयंसेवक, या चौघांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. न्यूझीलंडमध्ये रेबीज मुळातच नाही, त्यामुळे तिथल्या गोठ्यासाठी ती लस लागत नाही. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही, पण वटवाघळांत त्याचाच भाऊबंद विषाणू आहे. त्यामुळे तिथे गायींच्या कामाला रेबीजची लस नको आणि वटवाघळांच्या कामाला हवीच.

वेळेचा अंदाज म्हणाल तर निघण्याआधी किमान आठ आठवडे धरा. हेपटायटिस बी अजून घेतलीच नसेल तर सहा महिने.

रेबीज

आपल्याकडे कुत्रं चावल्यावर लस घ्यायची हे सगळ्यांना माहीत आहे, चावण्याआधी घेता येते हे फार थोड्यांना. चावण्याआधीच्या लसीचं भारतातलं वेळापत्रक ०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस असं आहे. स्नायूत द्यायची असेल तर दर वेळी एक पूर्ण बाटली दंडात, कातडीत द्यायची असेल तर ०.१ मिली एका जागी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोनच भेटींची पद्धत मान्य केली: ० आणि ७ वा दिवस, दर वेळी स्नायूत एक डोस किंवा कातडीत दोन जागी ०.१ मिली. दोन्ही पद्धती शास्त्राला धरून आहेत, पण तुम्ही जिथे जाणार त्या संस्थेला कोणती चालते ते आधी विचारा. काही ठिकाणी तीन डोसांचाच दाखला मागतात. वेळ हाताशी असेल तर माझ्या मते तीनच घ्या, पुढे कुठल्याही देशात वाद राहत नाही.

कुल्ल्यावर घेऊ नका. तिथल्या चरबीत लस अडकते आणि अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत. गावाकडच्या दवाखान्यात सवयीने ‘पालथे व्हा’ म्हणतात, तेव्हा दंड पुढे करा.

कातडीतली पद्धत स्वस्त पडते, कारण एका बाटलीत अनेकांचं भागतं, पण ती हाताच्या कसबावर आहे. सुईचं भोक वर, सुई कातडीला जवळजवळ समांतर, टोक जेमतेम आत गेलं की थांबायचं. लस जाताना हाताला अडथळा जाणवला पाहिजे आणि कातडीवर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा फुगवटा उठला पाहिजे. लस सहज, लोण्यात गेल्यासारखी गेली आणि फुगवटा उठला नाही तर ती कातडीखाली गेली. तो डोस जवळच दुसऱ्या जागी पुन्हा द्यायचा. दुसरी चूक सिरिंजची. ०.१ मिली मोजायला इन्सुलिनची सिरिंज वापरतात. लाल टोपणाची ४० युनिटची असेल तर ०.१ मिली म्हणजे ४ युनिटची खूण, केशरी टोपणाची १०० युनिटची असेल तर १० युनिटची खूण. या दोन्हींची सरमिसळ झाली की डोस निम्म्याहून कमी तरी जातो किंवा अडीचपट तरी. टोचून घेताना टोपणाच्या रंगाकडे नजर टाकायला काही पैसे पडत नाहीत.

पावडर एकदा पाण्यात मिसळली की ती बाटली थंड ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून खासगी दवाखान्यात एकट्यासाठी कातडीतली लस द्यायला डॉक्टर नाखूश असतात, उरलेली फेकावी लागते. चार-पाच जण एकत्र जाणार असाल तर एकाच दिवशी या म्हणजे सगळ्यांचं स्वस्तात होतं. सिव्हिलमध्ये रेबीजची लस मोफत असते, पण तो साठा मुख्यतः चावलेल्यांसाठी. परदेशी जाणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात विचारलं तर वेळापत्रक नीट आखून देतात आणि नोंदही व्यवस्थित होते.

क्लोरोक्वीन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असेल तर कातडीतली पद्धत नको, स्नायूतलीच घ्या. या गोळ्यांनी कातडीतल्या लसीचा परिणाम कमी होतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणारे ‘ती तर सांध्यांची गोळी’ म्हणून सांगतच नाहीत. स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही हाच नियम, आणि त्यांनी शेवटच्या डोसानंतर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातली पातळी पाहून घ्यावी. या तपासणीला आरएफएफआयटी म्हणतात, आणि मिलीमागे ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त आलं की पुरे. बंगळूरच्या निमहान्समध्ये ती होते. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तिकिटाच्या तारखेतून तो वजा करा.

लहानपणी कुत्रं चावून लस घेतलेली असेल तर? त्या वेळचा कागद असेल, आधुनिक पद्धतीची लस असेल आणि कोर्स पूर्ण केलेला असेल, तर तुम्ही आधीच लस घेतलेल्यांत मोडता. कागद नसेल तर नाही, मग आई-आजी कितीही शपथेवर सांगो. पोटातली चौदा इंजेक्शनं तर अजिबात धरू नका. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीला बंद झालं.

आता हे सगळं करायचं कशासाठी? आधी लस घेतलेल्याला जनावर चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, वर पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि ० व ३ ऱ्या दिवशी असे दोनच डोस घ्यायचे. सीरम (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) लागत नाही. आधी काहीच घेतलं नसेल तर चार-पाच भेटींचा पूर्ण कोर्स, आणि जखम रक्ताळलेली असेल तर वर सीरम: घोड्याचं असेल तर किलोला ४० युनिट, माणसाचं असेल तर २०. साठ किलोच्या माणसाला घोड्याचं २४०० युनिट, म्हणजे साधारण ८ मिली, आणि त्यातलं जेवढं मावेल तेवढं जखमेतच टोचायचं. बोटाच्या टोकाला चावलेलं असेल तर ते काय दुखणं असेल त्याची कल्पना करा. शिवाय आफ्रिकेतल्या कितीतरी जिल्ह्यांच्या ठिकाणी सीरम नसतंच, राजधानी गाठावी लागते. आधीच्या लसीने ही धावाधाव वाचते. चावल्यावरचे दोन डोस मात्र वाचत नाहीत. ‘माझं झालंय’ म्हणून चावा अंगावर काढणारा सर्वांत मोठा धोका पत्करतो.

पशुवैद्यकांसाठी एक मुद्दा वेगळा. गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदललाय, अशा वेळी घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालण्याची आपली सवय असते. पिसाळलेलं ढोर नेमकं असंच दिसतं. परदेशातही हातमोजा घातल्याशिवाय तोंडात हात नको, लस घेतलेली असली तरी.

यलो फीवर

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि त्या केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय जाहीर करतं. आपल्याकडून बहुतेकांना मुंबई सोयीची पडते. तिथे विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांची केंद्रं आहेत. आधी अपॉइंटमेंट घ्या. एका बाटलीत अनेकांचे डोस असतात आणि बाटली फोडल्यावर सहा तासांत संपवायची असते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच आणि माणसं मोजूनच बोलावतात. भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाऊन ‘बघू, मिळाली तर मिळाली’ केलं तर हात हलवत परत यायची वेळ येते. मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स नव्हे. दाखल्यावर पासपोर्टचा नंबर लिहितात.

०.५ मिलीचा एकच डोस. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, त्याआधी दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागायची. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ती आता आजन्म चालते. केंद्राबाहेर पडण्याआधी पिवळी पुस्तिका उघडून पाहा: नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का, तारीख, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का आहे का. शिक्का नसलेला दाखला दाखला नव्हे.

कुठे लागते यात लोकांचा घोळ होतो. युगांडा सगळ्यांकडूनच मागतो. केनिया थेट भारतातून येणाऱ्याकडून मागत नाही, पण केनियाहून परतताना भारत मागतो. बाधित देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. अदिस अबाबावरून विमान बदलणाऱ्यांनी हेही बघावं, कारण इथिओपिया बाधित देशांच्या यादीत आहे. विमानतळाबाहेर न पडता पुढचं विमान पकडलं तर सूट मिळू शकते, पण विमान चुकून रात्री हॉटेलवर नेलं तर ती सूट गेली. दाखला जवळ असलेला बरा.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असणं, थायमस ग्रंथीचा आजार यांत ही लस देत नाहीत किंवा तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच देतात. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यालाही धोका जास्त. ही जिवंत लस आहे, म्हणून गोवरासारख्या दुसऱ्या जिवंत लसीत आणि हिच्यात चार आठवड्यांचं अंतर ठेवलेलं चांगलं. ते जमत नसेल तर दोन्ही एकाच दिवशी, अधेमधे नको. टोचल्यानंतर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत काहींना बारीक ताप आणि अंगदुखी होते. पॅरासिटामॉल घ्या. वांगी, मटण, पथ्य-पाणी असलं काही पाळावं लागत नाही.

बाकीच्या लसी, भराभर

धनुर्वाताची सुई गोठ्यात काम करणाऱ्याला लागतेच. सरकारी दवाखान्यांत आता टीटीऐवजी टीडी मिळते, त्यात घटसर्पही येतो. दर दहा वर्षांनी एक, मातीची किंवा शेणाची जखम झाली तर पाच वर्षांनंतरच. लहानपणी पूर्ण कोर्स झाल्याचा भरवसा नसेल तर तीन डोस: आज, चार आठवड्यांनी, मग सहा ते बारा महिन्यांनी. प्रत्येक ओरखड्याला एक सुई टोचून घ्यायची जी आपल्याकडची रीत आहे तिला अर्थ नाही, दाखला जपून ठेवला तर ती टळते.

हेपटायटिस बी ०, १ आणि ६ महिन्यांनी. घाई असेल तर ०, ७, २१ दिवस आणि मग वर्षाने चौथा डोस. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासणी, १० किंवा जास्त आलं की काम झालं. हेपटायटिस ए ची लस पैसे खर्चून घेण्याआधी रक्तातली आयजीजी (जुन्या संसर्गाची अँटिबॉडी) तपासा. आपल्याकडे वाढलेल्या बऱ्याच जणांना ती कावीळ लहानपणी नकळत होऊन गेलेली असते आणि लसीची गरजच नसते. टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस एकच डोस. जपानी मेंदूज्वर आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या आणि डुकरांच्या भागात राहणाऱ्यांसाठी: जेनव्हॅक, २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. तो आपल्या मेडिकलवर तयार नसतो, मागवावा लागतो. मेनिंजायटिसची चार प्रकारांवरची लस सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात जाणाऱ्यांना आणि हज-उमराह करणाऱ्यांना लागते, आखातात नुसत्या उंटांच्या कामावर जाणाऱ्याला सहसा नाही. मध्य आणि पूर्व युरोपात जंगलाकाठच्या मेंढपाळीच्या कामाला गोचिडांच्या मेंदूज्वराची लस लागते. ती तिथे पोचल्यावर घेणं सोपं.

फ्लूची लस मात्र कोंबड्या आणि डुकरांच्या कामाला जाणाऱ्याने टाळू नये. ती बर्ड फ्लू रोखत नाही. माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच वेळी एकाच शरीरात शिरला तर दोन्ही विषाणूंच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होऊ शकतो, ती शक्यता कमी करायला ही लस असते. नवापूरकरांना हे सांगायला नको. भारतातला कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच सापडला होता. दक्षिण गोलार्धात जाणार असाल तर तिथला फ्लूचा मोसम आणि लसीतले प्रकार वेगळे असतात, तिथे उतरल्यावरच घ्या.

माकडांच्या आणि हत्तींच्या ठिकाणी उलटी बाजू येते: तिथे तुमच्यापासून जनावराला जपायचं असतं. चिंपांझींना माणसाचा गोवर, फ्लू, क्षय लागतो. म्हणून अशा संस्था गोवराची लस, कावीळ बीचा रिपोर्ट आणि क्षयाची तपासणी मागतात. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळे मांटू टेस्ट फुगून येऊ शकते आणि नसलेला क्षय कागदावर येतो. इग्रा नावाची रक्ततपासणी मागा, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. आणि ती जिवंत लसींच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नंतर केली तर चार आठवडे थांबावं लागतं. मॅकाक जातीच्या माकडांनी चावलं तर रेबीजखेरीज बी व्हायरस या मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूचाही प्रश्न असतो. त्यावर लस नाही. लगेच पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करून घेणं एवढंच हातात असतं.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलामुलींसाठी खास: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झालेली नसेल तर आधी ती. नुसते वाहक असाल तर लसींत काही फरक पडत नाही. आजार असेल तर प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते. मग न्यूमोकोकल, मेनिंजायटिस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या तिन्ही लसी हव्यात, आणि कुत्र्याचा साधा चावाही साधा राहत नाही. कुत्र्याच्या तोंडातला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू प्लीहा नसलेल्याला झपाट्याने गंभीर करू शकतो. अशांनी प्रतिजैविक जवळ बाळगून जावं, आणि कुत्र्यांच्या निवारा केंद्रातलं काम घ्यावं का, याचा डॉक्टरांशी मोकळा विचार करावा.

ज्यांवर सुई नाही

इथेच जास्त माणसं आजारी पडतात, आणि लसींचं पाकीट घेऊन आलेला माणूस इथेच गाफील असतो.

ब्रुसेला. गाभडलेली गाय, अडकलेली वार, कच्चं दूध. माणसासाठी लस नाही. उलट जनावराची लसच माणसाला धोक्याची: आपल्याकडे चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एस१९ देतात, अमेरिकेसारख्या देशांत आरबी५१ चालते. दोन्ही जिवंत. सुई बोटात घुसली किंवा डोळ्यात उडालं तर धुवा आणि बाटलीवर कोणता स्ट्रेन आहे ते लिहून घ्या. एस१९ असेल तर डॉक्टर साधारण तीन आठवडे डॉक्सीसायक्लीन आणि रिफॅम्पिसिन देतात. आरबी५१ ला रिफॅम्पिसिन लागू पडत नाही, शिवाय नेहमीच्या रक्ततपासणीत तो दिसतही नाही. इथली सवयीची जोडी तिथे नेऊन उपयोग नाही.

लेप्टो, म्हणजे जनावरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस. न्यूझीलंडच्या दूध काढण्याच्या शेडमध्ये गायीच्या मुताचे शिंतोडे थेट चेहऱ्यावर येतात. तिथे गायींना लस देतात, माणसांना नाही. लांब ॲप्रन, गमबूट, हाताच्या भेगांवर पाणी न शिरणारी पट्टी. धूम्रपान आणि तंबाखू शेडमध्ये नको, कारण हात तोंडाशी जातो. खानदेशात तंबाखूचा विडा मळत दूध काढणाऱ्यांना हे जड जाईल.

क्यू फीवर. शेळ्या-मेंढ्यांच्या बाळंतपणातून, धुळीतून येतो. हा इथला अपवाद: याची माणसाची लस ऑस्ट्रेलियात मिळते आणि तिथल्या कत्तलखान्यात, मेंढ्यांच्या लोकर कापणीच्या कामावर मालक ती मागतात. ती घेण्याआधी रक्त आणि कातडीची चाचणी होते आणि कातडीची खूण सातव्या दिवशी वाचतात. आधी हा जंतू अंगात येऊन गेलेला असेल तर लस दिल्यावर हात भयंकर सुजू शकतो, म्हणून ही चाचणी चुकवायची नाही. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांत लहानाचा मोठा झालेल्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तर नवल नाही. पहिला आठवडा काम मिळणार नाही असं धरूनच जा.

उंटांच्या कामावर मर्स या उंटांपासून लागणाऱ्या श्वसनाच्या आजाराचा धोका असतो, त्यावर लस नाही. कच्चं दूध पिऊ नका, उंटाच्या नाकाला हात लावल्यावर धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. आफ्रिकेत हिवतापासाठी डॉक्सीसायक्लीन १०० मिलीग्रॅम रोज घेत असाल तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करा आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवा. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. उन्हात कातडी भाजते, टोपी आणि लांब बाह्या.

लस आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे असतो आणि लसीला २ ते ८ अंश लागतात. मेडिकलवरून लस घेऊन ती शर्टाच्या खिशात टाकून एसटीने चोपड्याला नेली तर टोचलेलं पाणीच समजा. शक्य असेल तिथे लस दवाखान्यातच मागवायला सांगा. न्यावीच लागली तर छोटी थर्मासची पेटी आणि आईसपॅक घ्या, पण आईसपॅक आणि बाटली यांच्यामध्ये जाड कागद किंवा कापड ठेवा. गोठण्यानेही लस मरते. टीडी, हेपटायटिस बी आणि ए यांत अल्युमिनियमचा क्षार असतो. एकदा गोठून वितळली की हलवल्यावर तळाशी गुठळ्या बसतात. तसलं काही दिसलं तर टोचून घेऊ नका. घरच्या फ्रिजमध्ये दारात आणि फ्रीझरला चिकटून नको, मधल्या फळीवर ठेवा, आणि वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका.

सरकारी पुरवठ्याच्या बाटल्यांवर एक खूण असते: वर्तुळात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती उष्णतेने गेली. सिस्टरला बाटली दाखवायला सांगा, राग मानत नाहीत.

कागद

प्रत्येक डोसाची तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, कुठे टोचली, स्नायूत की कातडीत, आणि डॉक्टरांची सही-शिक्का. इंग्रजीत. ‘रेबीज लस दिली’ एवढ्या मराठी चिठ्ठीला परदेशात किंमत नाही. बाटलीवरचं स्टिकर निघत असेल तर कार्डावर चिकटवून घ्या. फोटो काढून ईमेलवर ठेवा. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल आणि पिवळ्या पुस्तिकेवर जुना नंबर असेल तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा. प्रवास विम्याच्या कागदात जनावरांचं काम वगळलेलं नाही ना, तेही वाचा. बहुतेक स्वस्त पॉलिसी अंगमेहनतीचं काम वगळतात.

आणि बूट. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्ही उतरताना विचारतात, गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का? आपल्याकडे लाळ्या-खुरकूत असल्याने ते याबाबत फार कडक आहेत. ‘हो’ लिहा. खोटं लिहून पकडलं गेलं तर मोठा दंड. गमबूट घासून, तळाच्या खाचांतली माती काडीने काढून, निर्जंतुक करून, वाळवून न्या. सगळ्यात उत्तम, जुने बूट घरीच ठेवा आणि तिथे नवे घ्या.

परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच देश आणि जनावर सांगा, आणि हिवतापाचं रक्त त्याच दिवशी तपासा. तिथले कपडे-बूट धुतल्याशिवाय घरच्या गोठ्यात नेऊ नका. हेपटायटिस ए चा दुसरा डोस सहा महिन्यांनी आणि बी चा तिसरा सहाव्या महिन्यात असतो. तेव्हा तुम्ही कुठल्या देशात असाल ते बघून, तिथे घ्यायचे की परतल्यावर, हे निघण्याआधीच कार्डावर लिहून ठेवा. उशीर झाला तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा.